वाळूच्या दांड्यावरची मादी

एकोणीसशे साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझे यजमान जर्मनीत डार्मश्टाटला इंजिनियरिंगमध्ये डॉक्टरेट करत होते आणि मी तिथल्या एका संग्रहालयाच्या तळघरात बरण्या सांभाळत होते. पुण्याहून प्राणिशास्त्रात एम.एससी. होऊन आले होते, पण मोडक्या जर्मनमध्ये तेवढंच काम मिळालं. काम देणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. सगळे त्यांना 'फ्राउ डॉक्टर', म्हणजे डॉक्टरबाई, म्हणत, मीही तेच म्हणे. त्यांचा सगळा जन्म एका प्राण्यामागे गेला होता. इंग्रजीत त्याला किलर व्हेल म्हणतात, जर्मनमध्ये श्वेर्टवाल, म्हणजे तलवारमासा म्हणावं तसं. पाठीवर तलवारीसारखा उभा पर असतो म्हणून. खरं तर तो मासाही नाही आणि धड देवमासाही नाही, डॉल्फिनच्याच कुळातला सगळ्यांत मोठा भाऊ.

फ्राउ डॉक्टरांनी आयुष्यात एकही श्वेर्टवाल जिवंत पाहिला नव्हता. उत्तरेकडच्या शिकारी बोटींवरून त्यांना दात, पोटं, अंडाशय येत, फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले. दात उभा कापला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसत, त्यावरून वय कळे. पोटांमध्ये एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती: एकात नुसते हेरिंग मासे, दुसऱ्यात नुसती सीलची हाडं, दोन्ही एकत्र जवळजवळ कधीच नाही. "जणू दोन जाती आहेत, आणि एकमेकींच्या घरी जेवत नाहीत," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या बरोबरीचे लोक यावर हसत.

अंडाशयाचे काप करायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका कापावरचे पांढरट ठिपके दाखवून सांगितलं होतं, "हे गर्भ राहिल्याचे व्रण आहेत. बाईच्या शरीरात ते हळूहळू विरून जातात. या माद्यांच्या शरीरात जन्मभर राहतात."

मी मान डोलावली आणि काप उचलून ठेवला. त्याच हिवाळ्यात तिसऱ्या महिन्यात माझं पोट पडलं होतं. यजमानांशिवाय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगलीला कळवलंच नाही. सासूबाईंनी एवढ्या लांबून काय केलं असतं?

पुढच्या वसंतात पुन्हा दिवस गेले. या वेळी आनंद असा झालाच नाही, पहिल्या दिवसापासून धाकधूकच होती. जिना उतरताना कठड्याला धरायचं, ट्राममध्ये कुणाचं कोपर लागेल म्हणून कोपऱ्यात उभं राहायचं, सकाळी उठल्यावर आधी अंथरूण तपासायचं. पाचवा महिना लागला तरी आत काही हललेलं जाणवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पहिलटकरणीला उशिरा जाणवतं. मला वाटे, मी पहिलटकरीण थोडीच आहे. फ्राउ डॉक्टरांना मात्र सांगितलं नव्हतं. गरोदर बाईला त्या काळी कोण ठेवून घेणार, अशी भीती होती, आणि बोलून दाखवलं तर दृष्ट लागेल अशीही होती. जाड कोट घातला की काही दिसत नसे.

ऑगस्टच्या शेवटी त्या म्हणाल्या, "उत्तर समुद्रावर जायचंय, सील बघायला. चार आठवडे. तुम्ही येताय."

घरी यजमान म्हणाले, "अगं, चिखलात चालायचं नाही हं. जड उचलायचं नाही."

"अहो, मी किनाऱ्याच्या बांधावर बसून दुर्बिणीतून बघणार आहे. हवा चांगली असते म्हणे समुद्राची."

"आणि काही झालं तर?"

मी जाड कोट बॅगेत सर्वांत वर ठेवला. त्यांनीच माझी बॅग उचलून गाडीत ठेवली.

त्या किनाऱ्यावर समुद्र असा दिसतच नाही. ओहोटीला पाणी मैलोगणती मागे जातं आणि नजर पोचेल तिथवर करडा ओला चिखल पसरलेला राहतो. जर्मन लोक त्याला 'वाट' म्हणतात. नावात वाट आहे, पण तिच्यावर वाट सापडत नाही. मधून मधून वाळूचे दांडे आणि त्यांच्यामधून वाहणारे खोल ओहोळ. भरतीचं पाणी समोरून येत नाही. त्या ओहोळांमधून गुपचूप मागे येऊन भरतं. मी कृष्णेचा पूर पाहिलेली मुलगी. पूर निदान गर्जना करत येतो. हे पाणी आवाज न करता पाठीमागे येऊन उभं राहतं, ते मला पहिल्याच दिवशी भिववून गेलं.

आम्हाला दांड्यांवर नेण्यासाठी गावातला एक शिकारी ठरवला होता. साठीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. सीलची शिकार करायचा त्याच्याकडे परवाना होता आणि उंच चाकांची घोडागाडी होती. फ्राउ डॉक्टर त्याच्याबरोबर गाडीतून जात, मी बांधावर बसून दुर्बिणीतून दांड्यांवरचे सील टिपून घेई. दोन आठवडे ठीक गेले.

मग एका सकाळी सील विचित्र वागू लागले. पाणी उतरत होतं, त्यांची मासे धरायची वेळ होती, पण एकही सील पाण्यात उतरेना. सगळे दांड्याच्या मधोमध, सर्वांत उंच जागी, एकमेकांना चिकटून पडले होते. पिल्लं आयांच्या आड.

शिकाऱ्याने दुर्बीण घेतली, बराच वेळ पाहिलं. "असं कधी पाहिलं नाही," तो म्हणाला.

फ्राउ डॉक्टरांनी दुर्बीण त्याच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली. ओहोळाच्या तोंडाशी एक काळा उंच पर पाण्यातून वर आला, पुरुषभर उंच, आणि सावकाश खाली गेला. त्याच्यामागे दोन-तीन लहान, वाकलेले. फ्राउ डॉक्टरांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"तेच," एवढंच त्या म्हणाल्या.

पाणी झपाट्याने उतरत होतं. काळे पर ओहोळात वर-खाली होत राहिले, मग खोल पाण्याकडे गेले. एक मात्र गेला नाही. पलीकडच्या दांड्याच्या उतारावर काहीतरी काळं-पांढरं आडवं पडलं होतं आणि शेपटी चिखलावर आपटत होतं. सीलच्या मागे उथळ पाण्यात शिरलेली ती मादी मागे वळेपर्यंत पाणी निघून गेलं होतं.

"गाडी काढा," फ्राउ डॉक्टर शिकाऱ्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "गोणपाट, बादल्या, पिंप, कॅमेऱ्याची पेटी. चला, लवकर! दोघींचे हात लागतील."

मी यजमानांना शब्द दिला होता. पण चालायचं नव्हतं, गाडीत बसायचं होतं, अशी मनाची समजूत घालून मी चढले. शिकाऱ्याने फळीखाली बंदूक ठेवली, तीही मी पाहिली.

जवळ गेल्यावर पहिली जाणीव झाली ती तिच्या श्वासाची. डोक्यावरच्या भोकातून फुस्सकन कोमट, माशांच्या वासाची हवा बाहेर पडली आणि लगेच आत ओढली गेली. मग शांतता, इतका वेळ की आता संपलं असं वाटावं. मग पुन्हा फुस्स. आमच्या गाडीपेक्षाही लांब होती ती, एका कुशीवर कललेली. डोळ्याच्या जागी दिसतो तो पांढरा डाग म्हणजे डोळा नव्हे. खरा डोळा त्याच्या खाली पुढे, लहानसा, ओला. तो आमच्याबरोबर फिरत होता. ती अधूनमधून शीळ घालावी तसा बारीक, चढत जाणारा आवाज काढत होती. जबडा उघडला की ते दात दिसत, जे मी तळघरात करवतीने कापत असे. इथे ते ओले होते, आणि मी दोन पावलं मागे सरले.

"भिऊ नका, जबड्यापासून लांब राहा," फ्राउ डॉक्टर म्हणाल्या. "ऊन तिला मारेल. चरबीचा थर आहे, आतल्या आत भाजून निघेल. गोणपाट भिजवून टाका, पण श्वासाचं भोक झाकू नका. परांवर पाणी ओता, उष्णता तिथूनच बाहेर पडते."

मी तिच्या वल्ह्यासारख्या पुढच्या परावर हात ठेवला. तापलेल्या मुलाच्या कपाळासारखा गरम होता. मी बादलीने पाणी ओतू लागले. फ्राउ डॉक्टर तिच्या पोटाकडे वाकल्या, दोन बारीक चिरांपैकी एकीवर त्यांनी बोटांनी दाबलं. दाट, पांढरं दूध बाहेर आलं आणि चिखलावर सांडलं.

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मग ओहोळाच्या बाजूने, लांबून, त्याच फुस्स आवाजाचा एक छोटा आवाज आला. त्याच्या मागोमाग मोठे आवाज. कळप गेला नव्हता. खोल पाण्याच्या कडेला ते येरझाऱ्या घालत होते.

शिकाऱ्याने फळीखालून बंदूक काढली होती.

"बाजूला व्हा," तो शांतपणे म्हणाला. "स्वतःच्या वजनाखाली तिची फुप्फुसं दबताहेत. पाणी यायला अजून पुष्कळ वेळ आहे. हाल कशाला?"

"थांबा," फ्राउ डॉक्टर म्हणाल्या.

"कशासाठी? आणि वाचली तर काय करणार? आमचे सील खाणार. फ्राउ डॉक्टर, तुम्ही स्वतःच सांगितलंत, इतकी वर्षं पूर्ण प्राणी मिळाला नाही. हा घ्या. उद्या चार गाड्या आणतो, हाडन् हाड पोचवतो."

तो दुष्ट नव्हता. खरंच तिचे हाल संपवायला निघाला होता, आणि जे बोलला तेही खरं होतं. फ्राउ डॉक्टर गप्प उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं: पूर्ण सांगाडा, ताजं पोट, त्यांचं म्हणणं सिद्ध करणारी एकुलती एक संधी. त्या गप्पपणाची मला बंदुकीपेक्षा जास्त भीती वाटली.

"ती अंगावर पाजतेय," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला. जर्मन शब्दही चुकला असावा, कारण शिकाऱ्याने वळून पाहिलं.

"ते मी पाहिलंय," फ्राउ डॉक्टर म्हणाल्या. मग शिकाऱ्याकडे वळल्या. "बंदूक ठेवा. भरतीपर्यंत थांबू. तिचा श्वास तुटायला लागला तर मीच तुम्हाला सांगेन."

"पाणी आलं की मी थांबणार नाही," तो म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. तेव्हा निघू."

त्यानंतरचे तास मला सलग आठवत नाहीत. बादली भरायची, ओतायची. शिकारी फावड्याने तिच्या पराखालची वाळू उकरत होता, पर दुमडून मोडू नये म्हणून; बंदूक ठेवल्यावर सर्वांत जास्त राबला तो. प्रत्येक श्वासानंतर माझाही श्वास अडकून राही, पुढचा येईपर्यंत. आणि बादली उचलताना प्रत्येक वेळी ओटीपोटात ताण बसे. दुखतंय की वाटतंय, कळत नव्हतं. अर्धीच बादली भरायला लागले. फ्राउ डॉक्टर म्हणाल्या, "दमलात? तरुण आहात!" मी नुसती हसले.

दुपारनंतर धुकं आलं. समुद्राकडून एक पांढरी भिंत सरकत आली आणि बांध, गाव, सील सगळं पुसून गेलं. उरलो आम्ही तिघं, घोडा आणि ती. धुक्यात कळपाचे श्वास कुठून येताहेत ते कळेना. कधी समोरून, कधी अगदी पाठीशी. त्या काळी सगळे मानत की हे प्राणी माणसाला सोडत नाहीत. फ्राउ डॉक्टर म्हणायच्या, पुरावा नाही. तरी मी बादली घेऊन गाडीच्या जवळ सरकले.

मग माझ्या बुटांभोवती पाणी आलं. मी खाली पाहिलं तेव्हा ते आधीच घोट्याच्या वर होतं. मादीने शेपटी आपटली. पाण्याचा स्पर्श तिलाही कळला होता.

"निघायचं," शिकारी म्हणाला. "आत्ता. मागचा ओहोळ भरला असेल."

"ती अजून तरंगत नाहीये," फ्राउ डॉक्टर म्हणाल्या.

"ती तरंगेल तेव्हा आपण बुडालेले असू."

फ्राउ डॉक्टरांनी गोणपाटं ओढून काढली, एकेक, घाईने, मादी त्यांच्यात अडकू नये म्हणून. शेवटी तिच्या पाठीवर क्षणभर हात ठेवला आणि गाडीत चढल्या. मी वळून पाहिलं. काळी पाठ, पाण्यात अर्धी. मग धुकं.

वाटेवर झाडाच्या फांद्या खुणेसाठी रोवलेल्या होत्या. शिकारी लगाम धरून पुढे चालत एकेक फांदी शोधत होता. बांधावरून कुणीतरी घंटा वाजवत होतं, धुकं पडलं की गावात तशी पद्धत होती. ओहोळात शिरलो तेव्हा पाणी घोड्याच्या पोटाला लागलं. मधोमध गाडीचं एक चाक खचलं आणि गाडी कलली. घोडा खिंकाळला, पण गाडी हलेना.

"सगळे खाली!" शिकारी ओरडला. "मागून ढकला!"

पाणी छातीपर्यंत होतं, बर्फासारखं गार, आणि त्याला ओढ होती. फ्राउ डॉक्टरांनी कोट काढला. मी गाडीची कड घट्ट धरून बसून राहिले.

"उतरा! काय झालं?" त्या म्हणाल्या.

"मला उतरता येणार नाही," मी म्हणाले. "मला दिवस गेलेत. पाचवा महिना आहे. आधीचं एक गेलंय."

फ्राउ डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना राग आला होता, खरोखरचा. "आणि दिवसभर बादल्या उचलत होतात? माझ्यासमोर?" मग त्या पाण्यात उतरल्या. शिकाऱ्याने पिंप, बादल्या, बंदूकसुद्धा पाण्यात भिरकावली. फ्राउ डॉक्टरांनी कॅमेऱ्याची पेटी उचलली. त्या दिवसाची सगळी छायाचित्रं तिच्यात होती. मी म्हणाले, "ती मांडीवर ठेवते." त्या म्हणाल्या, "लोखंडाची आहे, जड आहे," आणि सोडून दिली.

मग त्यांनी चाकाला खांदा लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा गाडी उसळून वर आली आणि घोडा धावत सुटला. शिकाऱ्याने फ्राउ डॉक्टरांना दंडाला धरून ओढत आणलं. मागे धुक्यात पाणी जोरात फाकल्यासारखा मोठा आवाज झाला, मग श्वास, एक, अनेक. ती सुटली की कुशीवर पडून बुडाली, ते आम्हाला दिसलं नाही.

गावात पोचल्यावर मला रक्ताचा डाग दिसला. तेव्हा जे वाटलं ते लिहून दाखवता येणार नाही. गावच्या डॉक्टरने लाकडी नळकांडं पोटाला लावून कान टेकवला. तो ऐकत होता तेवढा वेळ फ्राउ डॉक्टर, ओल्या कपड्यांत, माझ्या उशाशी उभ्या होत्या.

"ठोके आहेत," तो म्हणाला. "आठवडाभर अंथरुणातून उठायचं नाही."

यजमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. मला वाटलं होतं, रागावतील. ते खुर्चीवर बसले आणि माझे पाय चेपू लागले. मग म्हणाले, "घरी जाऊ या." त्याच आठवड्यात, डाळीचं पाणी पिताना, पोटात बुडबुडा फुटावा तसं काहीतरी हललं. मी त्यांचा हात ओढून तिथे ठेवला, पण तोवर थांबलं होतं.

फ्राउ डॉक्टर मागे राहिल्या. रोज किनाऱ्यावर फिरून विचारत, काही वाहून आलं का. दोन आठवड्यांनी शेजारच्या बेटावर मोठं मेलेलं जनावर आल्याची बातमी आली. त्या होडीने गेल्या. मी डार्मश्टाटला परतूनही भीतीने अंथरुणातच पडून त्यांच्या फोनची वाट पाहत होते. फोन घरमालकिणीच्या खोलीत होता, आणि तो वाजला की मी उशीवरून मान उचलून ऐके. संध्याकाळी त्यांचा निरोप आला: वेगळ्याच जातीचा देवमासा, फार दिवसांपूर्वी मेलेला. मी उशीत तोंड खुपसून रडले, कशासाठी ते मलाच कळलं नाही.

संग्रहालयाच्या प्रमुखांनी त्यांना बोलावून विचारलं, सांगाडा नाही, छायाचित्र नाही, मग चार आठवड्यांत केलंत काय? "सगळा दोष तुमच्यावर ढकलला असता तर मी सुटले असते," त्या मला नंतर म्हणाल्या. पण त्यांनी तसं केलं नव्हतं.

मुलगी जानेवारीत झाली, दिवस भरून. वसंत ऋतूत फ्राउ डॉक्टर आमच्या खोलीवर आल्या. मी शिरा केला होता, तो त्यांनी दोनदा मागून घेतला. मुलीला हातात देऊ लागले तर आधी नको म्हणाल्या, मग घेतली, बरणी धरावी तशी दोन्ही हातांनी, ताठ.

"उत्तरेकडच्या एका कोळ्याशी बोलले," त्या म्हणाल्या. "हेरिंगच्या मोसमात त्याने कळप पाहिला. मोठा नर, माद्या, एक पिल्लू मधे."

"तीच होती का?"

"ते मी कसं सांगणार? प्रत्येकीला ओळखायची काही तरी खूण असलीच पाहिजे. पण अजून ती कुणाला ठाऊक नाही."

मग मुलगी रडायला लागली आणि त्यांनी घाईघाईने ती माझ्याकडे दिली. निघताना दारात थांबून विचारलं, "कामावर कधी येताय?"

मुलगी बसायला लागल्यावर मी गेले. सकाळी यजमान तिला मांडीवर घेऊन प्रबंध लिहीत आणि दुपारी मी परतले की त्यांच्या कागदांवर तिची लाळ वाळलेली असे.